शनिवार सांभाळणारे घर

दिवाळीच्या अंकात वृद्धाश्रमाचा विषय काढणे पुष्कळांना अभद्र वाटेल. घरात फराळाचे डबे भरले आहेत, लेकी माहेरी आल्या आहेत, आजोबांच्या अंगाला तेल कोणी लावायचे यावरून नातवंडांची भांडणे चालली आहेत. अशा वेळी घराबाहेर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची आठवण कोणी कशाला काढावी? पण खरे सांगायचे तर ती आठवण सणाच्याच दिवशी निघते. पाट मांडताना एक पाट कमी मांडावा लागतो, आणि तो का कमी हे सर्वांना ठाऊक असते.

या विषयावर आपल्याकडे वाद चालतो तो ठरलेल्या दोन बाजूंनी. एक बाजू म्हणते, आईबापांना आश्रमात ठेवणे म्हणजे त्यांना टाकणे. दुसरी म्हणते, मुले परदेशी, सुना नोकरीला, दोन खोल्यांचे बिऱ्हाड. मग करायचे काय? मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकविला. त्यामुळे असा वाद कानावर आला की, हा प्रश्न आपल्या आधी कोणाला पडला होता आणि त्यांनी त्याचे काय केले, हे शोधीत बसण्याची मला खोड आहे. शोधता शोधता मी लंडनच्या ज्यू समाजापाशी येऊन थांबले. आपल्या म्हाताऱ्यांसाठी घरे चालविण्याचा या समाजाचा अनुभव पावणेदोनशे वर्षांहून अधिक आहे. त्यांनी जो प्रश्न स्वतःला विचारला तो आपल्या दोन्ही बाजू विचारीत नाहीत. तो असा, की माणूस घर सोडून निघाले तर त्याच्याबरोबर काय काय जाऊ शकेल?

हा प्रश्न मला इतका लागला त्याला घरचे कारण आहे. माझी एक मावशी वयाच्या ८१ व्या वर्षी अशा एका संस्थेत राहावयास गेली. संस्था स्वच्छ, डॉक्टर वेळेवर येत, माणसे गोड बोलत. मावशीने जन्मभर चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य केलेले. तेथील स्वयंपाक ८० माणसांचा. कोणाचा चातुर्मास लक्षात ठेवणार? ती तक्रार करीत नसे. चार महिने नुसता वरणभात खाऊन उठे. मी भेटावयास गेले की पहिला प्रश्न विचारी, "आज तिथी कोणती ग?" तेथे वार विचारला तरी सांगणारे होते, तिथी सांगणारे कोणी नव्हते. औषधपाणी सारे मिळत होते, फक्त तिचा महिना तिच्याजवळ राहिला नव्हता.

आता ज्यू लोकांकडे वळते. मराठी वाचकाला ते परके नाहीत. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या बाजूला बेने इस्राएल लोक शतकानुशतके राहिले. नवगावच्या किनाऱ्यालगत गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची आपण संतती, असे ते मानतात. तेलाचे घाणे चालविणे हा त्यांचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मी मूळची त्याच भागातली. माझी आजी सांगे, शनिवारी घरातले तेल संपले तर रविवारपर्यंत थांबावे लागे, आणि त्यात कोणाला विशेष वाटत नसे. गावाला त्यांचे धर्मग्रंथ ठाऊक नव्हते, हिब्रू भाषा ठाऊक नव्हती. पण हा माणूस कोणता दिवस पाळतो एवढे ठाऊक होते, आणि तेवढ्यावरून त्याचे नाव पडले होते. हा शनिवार वाचकांनी ध्यानात ठेवावा. लंडनची सारी हकीकत त्याच्याच भोवती फिरते.

इंग्लंडातून ज्यू लोकांना १२९० साली हाकलून दिले होते. १६५६ साली, क्रॉमवेलच्या अमदानीत, त्यांना पुन्हा उघडपणे राहता येऊ लागले. पुढे त्यांच्यात श्रीमंत सराफ झाले, तसे रस्त्यावर जुने कपडे विकणारे फेरीवालेही झाले. फेरीवाला म्हातारा झाला, पाय चालेनात, म्हणजे त्याने काय करावे? आईबापांना मान द्यावा ही त्यांच्या धर्मातील दहा मुख्य आज्ञांपैकी एक; पिकल्या केसांचे माणूस समोर आले तर उठून उभे राहावे असेही त्यांचे शास्त्र सांगते. पण शास्त्राने सांगितले म्हणून गरिबी टळत नाही. स्वतः एका खोलीत सहा मुलांसह राहणारा मुलगा उठून उभा राहील, पण बापाला निजावयास जागा कोठून देईल?

अशांसाठी इंग्लंडात सरकारी सोय होती, ती वर्कहाऊसची. १८३४ च्या गरीब कायद्याने या जागा मुद्दाम अशा ठेवल्या की अगदी निरुपाय झाल्याखेरीज कोणी तेथे पाऊल टाकू नये. आत गेल्यावर अंगावरचे कपडे जात आणि संस्थेचा गणवेश येई. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. साठीच्या पुढच्या जोडप्यांना एकत्र ठेवण्याची मुभा कायद्यात आली ती १८४७ साली. जेवण तोलून मिळे, आणि समोर येईल ते खावे लागे.

ख्रिस्ती गरिबाला ही जागा दुःखाची होती. ज्यू गरिबाला ती त्याहून अवघड होती. डुकराचे मांस तर त्याला निषिद्धच. पण गाईबकऱ्याचेही शास्त्राप्रमाणे कापलेले आणि मीठ लावून रक्त काढलेले नसले तर तो खात नाही. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, एका भांड्यातही चालत नाही. आमच्या कोकणातील बेने इस्राएल बायका मटणाच्या रश्श्यात नारळाचे दूध घालीत, त्यांना ही अडचण कधी जाणवली नाही. लंडनच्या वर्कहाऊसमध्ये नारळ नव्हता. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत काम करावयाचे नाही, विस्तव पेटवावयाचा नाही. वर्कहाऊसला सुट्टीचा दिवस माहीत होता तो रविवारचा. म्हणजे पोटाला अन्न हवे असेल तर म्हाताऱ्याने सत्तर वर्षे पाळलेला नेम दारात ठेवून आत जावे, असा तो व्यवहार होता. पुष्कळांनी त्यापेक्षा उपाशी राहणे पत्करले.

यातून घरे उभी राहिली. १८४० साली 'हँड इन हँड' नावाची संस्था निघाली, थकलेल्या व्यापाऱ्यांसाठी आणि कारागिरांसाठी. १८४३ साली विधवांसाठी वेगळे घर निघाले. त्या काळच्या विलायती धर्मादाय संस्थांत एक चमत्कारिक चाल होती. जागा रिकामी झाली की वर्गणीदार मंडळी मत देऊन उमेदवार निवडीत. म्हाताऱ्याने आपली दैन्यावस्था छापून मते मागावी, आणि ओळखीपाळखी नसल्या तर हरावे! दान देणाराचा मोठेपणा आणि घेणाराची लाज, दोन्ही त्या चालीत सारखीच दिसतात.

मला या इतिहासात सर्वांत आवडते ती १८७१ सालची गोष्ट. ज्यू समाजात १८५९ पासून गरिबांच्या मदतीसाठी एक मोठे मंडळ काम करीत होते. ते मंडळ सधन पुढाऱ्यांचे. घरी बसल्या गरिबांना थोडी मदत पोचवावी, वेगळे घर कशाला, असे पुढाऱ्यांचे म्हणणे. पण पूर्व लंडनमधल्या साध्या माणसांना आपली माणसे वर्कहाऊसमध्ये निषिद्ध अन्नावर दिवस काढताना दिसत होती. सॉलोमन ग्रीन नावाच्या गृहस्थाने पुढाकार घेतला, आणि व्हाइटचॅपेल भागातील वेंटवर्थ स्ट्रीटवर त्यांनी स्वतःचे घर उघडले. नाव काय ठेवले? 'ज्यूइश वर्कहाऊस'! ज्या शब्दाने गरिबाच्या अंगावर काटा यावा तोच शब्द त्यांनी दारावर लावला. प्रतिष्ठितांना हे रुचले नाही. पण आतले जेवण कोशर, म्हणजे शास्त्राला चालणारे होते, आणि शनिवार हा शनिवार होता. लोकांना तेवढे पुरे होते.

१८८१ नंतर रशियन साम्राज्यातील अत्याचारांना आणि दारिद्र्याला कंटाळून लाखाहून अधिक ज्यू इंग्लंडात येऊन राहिले, आणि निराधार म्हाताऱ्यांची संख्या वाढली. १८९४ साली वर सांगितलेल्या तिन्ही संस्था एक झाल्या. १९०७ मध्ये लॉर्ड वँड्सवर्थ या ज्यू धनिकाच्या देणगीतून या एकत्रित संस्थेला दक्षिण लंडनमध्ये बागेसह मोठे घर मिळाले. रस्त्याचे नाव नाइटिंगेल लेन, म्हणून पुढे घराचे नाव नाइटिंगेल हाऊस झाले. ते आजही चालू आहे.

कोणी म्हणेल, सरकारने म्हाताऱ्यांना पेन्शन दिली असती तर या खटाटोपाची गरज पडली नसती. सरकारने १९०८ मध्ये तसा कायदा केलाही. सत्तर वर्षांवरील गरिबाला आठवड्याला पाच शिलिंग. पण अर्जदार वीस वर्षे ब्रिटिश प्रजाजन असला पाहिजे, ही अट होती. पोलंड-रशियातून आलेल्या म्हाताऱ्याने वीस वर्षे लंडनमध्ये राबून कोट शिवले असले, तरी प्रजाजनत्वाचे कागद करावयास पैसे नव्हते म्हणून तो परकाच राहिला. अशा माणसाला समाजाच्या घराशिवाय दुसरे दार नव्हते. वर्कहाऊसचा जुना कायदा शेवटी १९४८ साली रद्द झाला. तरी पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने वृद्धांच्या १७३ संस्था पाहून १९६२ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात असे आढळले की पुष्कळ म्हातारी माणसे अजून त्याच जुन्या वर्कहाऊसच्या इमारतींत दिवस काढीत आहेत.

यानंतरचे प्रकरण लिहिताना हात जड होतो. हिटलरच्या छळातून सुटून मध्य युरोपातील हजारो ज्यू इंग्लंडात आले. महायुद्ध संपले तेव्हा त्यांच्यातील प्रौढ माणसांना कळले की मागे राहिलेले कोणी उरले नाही. दहा वर्षांत ही माणसे म्हातारी झाली. मुले नाहीत, भाऊबहिणी नाहीत, गाव नाही. त्यांच्यासाठी १९५० नंतरच्या दशकात लंडनमध्ये काही घरे काढण्यात आली. त्यांना नावे दिली ती लिओ बेक, ओटो हिर्श, हाइनरिख श्टाल यांसारख्या जर्मन ज्यू पुढाऱ्यांची. पैकी हिर्श आणि श्टाल नाझींच्या छावण्यांत मेले. आणि पैसा कोठून आला? जर्मनीत ज्यांची सारी कुटुंबे मारली गेली, त्यांची घरेदारे बेवारस पडली होती. त्या बेवारस मालमत्तेच्या भरपाईतून ही घरे उभारण्यास मोठा हातभार लागला. ज्यांना वारस उरला नाही अशा मेलेल्यांनी, ज्यांना मूल उरले नाही अशा जिवंतांना घर दिले. आपल्याकडे श्राद्धपक्षात पितरांना घास ठेवतात. येथे पितरांनीच घास ठेवला होता.

या माणसांच्या शुश्रूषेतून वृद्धसेवेला एक नवे शहाणपण मिळाले. छावणीतून वाचलेल्या म्हातारीला स्मृतिभ्रंश झाला की अलीकडचे विसरले जाते आणि जुने समोर उभे राहते. मग पाण्याची झारी सुरू केली की ती किंचाळते, कारण छावणीत 'स्नानगृह' या शब्दाचा अर्थ निराळा होता. गणवेश, रांग, कुत्र्याचे भुंकणे, कुलपाचा आवाज, डॉक्टरची तपासणी, यांपैकी कशानेही तिला कापरे भरते. कोणी पाव उशीखाली लपवून ठेवते. दुसऱ्या ठिकाणी अशा बाईला हट्टी ठरविले असते. येथील परिचारिका पाव काढून घेत नाहीत, ताजा आणून ठेवतात. झारीऐवजी कोमट पाण्याने अंग पुसतात. टोराँटोच्या बेक्रेस्ट या ज्यू संस्थेने हा अनुभव २००३ साली पुस्तकरूपाने इतरांसाठी नोंदविला. ही संस्थादेखील १९१८ साली एका लहान वृद्धगृहातून सुरू झाली, आणि त्यासाठी पैसे जमविणाऱ्या होत्या त्या समाजातील बायका.

भाषेचेही तसेच. नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते. चाळीस वर्षे इंग्रजी बोललेला माणूस एके दिवशी फक्त जर्मन किंवा यिडिश बोलू लागतो. त्याला पाणी हवे की तो दुखण्याने कण्हतो आहे, हे कळावयास ती भाषा जाणणारे कोणीतरी जवळ लागते. इस्राएलमध्ये जाऊन राहिलेल्या आपल्या बेने इस्राएल मंडळींत अशी कितीतरी माणसे आहेत की त्यांची पहिली भाषा मराठी. म्हातारपणी हिब्रू विसरली तर त्यांना 'पाणी' हा शब्द समजणारी नर्स हवी, हे मला वाचता वाचता जाणवले.

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की बाळंतिणीची खोली किंवा लहान खाजगी इस्पितळ डोळ्यांपुढे येते. विलायतेत त्याचा अर्थ, रात्रंदिवस परिचारिकेची गरज असलेल्या वृद्धांचे निवासस्थान. ज्यू नर्सिंग होममधील औषधे, पलंग, व्यायाम हे इतरांसारखेच असते. वेगळे असते ते असे. दर दाराच्या चौकटीवर धर्मवचनाची छोटी डबी बसविलेली. मांसाचे आणि दुधाचे स्वयंपाकघर निराळे, आणि त्यावर देखरेख करणारा जाणता माणूस. शुक्रवारी संध्याकाळी बायका दिवे लावतात. प्राणवायूच्या नळ्या असलेल्या खोलीत ज्योत धोक्याची, म्हणून तेथे विजेच्या मेणबत्त्या. शनिवारी विजेचे बटण दाबावयाचे नाही, म्हणून काही इमारतींतील लिफ्ट त्या दिवशी आपोआप प्रत्येक मजल्यावर थांबत जाते. वल्हांडण सणापूर्वी साऱ्या घरातून आंबवलेल्या पिठाचा कण न् कण काढून टाकतात आणि आठ दिवस भांडी बदलतात.

पण या नियमांच्या वर आणखी एक नियम आहे. जीव वाचविण्यासाठी शनिवार मोडावा, असे त्यांचे शास्त्रच सांगते. म्हणून इंजेक्शन थांबत नाही, डॉक्टरचा फोन थांबत नाही. प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपासाला एखादा मधुमेही आजोबा हट्ट धरून बसला तर राब्बी स्वतः येऊन सांगतो, "तुमचा आज धर्म जेवण्याचा आहे." आमच्या घरातल्या निर्जळी एकादशीवाल्या किती आज्यांना असे सांगणारा भटजी भेटला असता तर बरे झाले असते!

आणि हे सारे सांभाळणारे हात कोणाचे? लंडनच्या अशा घरांतील बहुतेक सेवकवर्ग ज्यू नाही. आफ्रिका, कॅरिबियन बेटे, फिलिपाइन्स, आपला भारत, अशा दूरदूरच्या मुलुखांतून आलेल्या बाया आहेत. कोणते भांडे कोणत्या कपाटात, दिवे किती वाजता, हे त्या शिकतात, आणि शुक्रवारी म्हाताऱ्यांना 'शब्बात शालोम' म्हणतात. त्या ज्यू होत नाहीत, त्यांना व्हावयास कोणी सांगतही नाही. दुसऱ्याचा शनिवार सांभाळण्यासाठी तो आपला असावा लागत नाही, एवढे त्यांच्याकडे पाहून कळते. माणूस गेले की समाजातील स्वयंसेवक येतात, देहाला विधिपूर्वक स्नान घालतात, साधे पांढरे वस्त्र नेसवितात. श्रीमंताला आणि भिकाऱ्याला वस्त्र एकच. दफनापर्यंत देहाला एकटे ठेवू नये अशी चाल आहे.

या सगळ्याला खर्च येतो. दोन स्वयंपाकघरे एकापेक्षा महाग असतात. सरकारी अनुदान पलंगाला आणि औषधाला मिळते, शनिवारला मिळत नाही; तो भाग समाजाच्या वर्गणीतून भागवावा लागतो. समाज लहान होतो तशी संस्थांना एकत्र यावे लागते. १९९० साली गरिबांचे जुने मंडळ आणि अंधांची संस्था एकत्र येऊन 'ज्यूइश केअर' ही संस्था झाली ती त्यातूनच. आणि कितीही केले तरी मुलाची वाट पाहणारी म्हातारी तेथेही खिडकीशी बसलेलीच असते. संस्था तिथी सांभाळू शकते. मुलाची जागा घेऊ शकत नाही, आणि शहाण्या संस्था तसा आवही आणीत नाहीत.

सप्टेंबर २०१७ मध्ये नाइटिंगेल हाऊसच्या आवारात एक बालवाडी सुरू झाली. ब्रिटनमध्ये वृद्धगृहाच्या आवारात चाललेली ही पहिलीच. तिचे नाव 'सफरचंद आणि मध' अशा अर्थाचे आहे. ज्यू नववर्षाला सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात, त्यावरून. मुले येतात, आजीआजोबांबरोबर गाणी म्हणतात, खाऊ करतात, शुक्रवारी सकाळीच शनिवारची तयारी करतात. नव्वदीची बाई तीन वर्षांच्या मुलीला पोळीसारखी कणीक मळावयास शिकवीत असेल, तर त्या वेळी ती कोणाच्या दयेवर राहणारी बाई नसते.

तेव्हा आपल्यापैकी कोणावर अशी वेळ आली, आणि ती पुष्कळांवर येणार आहे, तर संस्था पाहावयास जाताना बागेची आणि फरशीची तारीफ ऐकून परतू नये. आत स्वयंपाकघरात जावे. एकादशीला काय करता, रमजानला काय करता, नाताळला काय करता, हे विचारावे. रात्री कण्हणाऱ्या माणसाची भाषा कोणाला येते हे विचारावे. आणि सर्वांआधी, ज्यांना तेथे ठेवावयाचे त्यांना विचारावे, की तुमच्या आठवड्यातला कोणता दिवस तुमच्याबरोबर आला पाहिजे? ते सांगतील तो वार लिहून घ्यावा, आणि त्या वारी आपण भेटावयास जावे.